देव, एक नग

परदेशी पार्सलसाठी पोस्टात सीएन २३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे, किती नग, वजन किती, किंमत किती, वस्तू मूळची कुठली, असे त्यात रकाने असतात. आमच्याकडे हे फॉर्म सासूबाई भरतात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. अक्षर वळणदार, आणि रिकामा रकाना त्यांना बघवत नाही. आधी मराठीत कच्चा फॉर्म, मग इंग्रजीत पक्का, अशी त्यांची शिस्त. अगदी पहिल्या कच्च्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, ‘श्रीगणपती, एक नग’. मग देवाला नग म्हणणं बरं दिसेना म्हणून ‘नग’ खोडून ‘मूर्ती’ केलं. मूळ ठिकाणाच्या रकान्यापाशी त्या अडल्या.

“कैलास लिहू का रे?”

“लिही की,” माझा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. “पण कैलास हल्ली चीनमध्ये येतो, आणि अमेरिकेत चिनी मालावर ड्यूटी फार आहे.”

सासूबाईंनी मुकाट्यानं ‘पेण, जि. रायगड’ असं लिहिलं.

हाताने घडवलेल्या देवांच्या मूर्ती घरपोच पाठवायचा आमचा व्यवसाय आहे. आमचा म्हणजे माझा, सासूबाईंचा, रविवारपुरता नवऱ्याचा आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीचा. पेणचे शाडूचे गणपती, गौरींचे मुखवटे, दिवाळीच्या लक्ष्म्या, आणि कुणी मागितलेच तर विठ्ठल-रखुमाई. दुकान नाही, पाटी नाही. लोक फोटो बघून मागणी नोंदवतात आणि आम्ही देव खोक्यात घालून रवाना करतो. सासूबाईंच्या भिशीत ही बातमी फुटली तेव्हा एक बाई म्हणाल्या, “अगं बाई, देव कुरियरनं? उद्या गुरुजीसुद्धा कुरियरनं मागवाल!” या बाईंचा नातू सिअॅटलमध्ये व्हिडिओ कॉलवर गुरुजींना बसवून पूजा सांगून घेतो. पण परक्या घरातली क्रांती जास्त डोळ्यांत भरते.

खरं तर घरबसल्या देव मिळण्याची सोय पुण्याला मुळीच नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली इथे चित्रशाळा प्रेस काढला आणि रामपंचायतनाची रंगीत चित्रं छापून घरोघरच्या भिंतींवर पोहोचवली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पाचच वर्षांत आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती देशभर गेल्या. व्ही.पी.पी., म्हणजे पार्सल हातात पडताना पोस्टमनला पैसे द्यायचे, ही पद्धत टपालखात्यानं १८७७ सालीच आणली होती. आणि पिनकोड ज्यांनी बसवून दिला, १५ ऑगस्ट १९७२ पासून, ते श्रीराम भिकाजी वेलणकर तर संस्कृतातले कवी. म्हणजे आमच्या प्रत्येक खोक्यावर एका संस्कृत कवीचे सहा आकडे असतात. तरीसुद्धा ४११०३० असं ठसठशीत लिहिलेलं परतीचं पार्सल एखाद वेळी खडकी फिरून येतंच, पण त्याला कवी काय करणार.

आता आमच्या या व्यवसायात फेअर ट्रेड, म्हणजे रास्त व्यापाराचं तत्त्व, कुठून आलं? ते मी आणलं. अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर या बाईंनी १९४६ साली पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम ओळखीपाळखीत विकायला घेतलं आणि कारागिराला रास्त पैसे देऊन व्यापार करता येतो हे दाखवून दिलं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या बायकांनी शिवलेले कपडे कॅटलॉगमधून अमेरिकेत विकणारी ‘मार्केटप्लेस’ ही संस्थाही १९८० च्या दशकापासून चालत आली आहे. तेव्हा कल्पना काही माझी नाही. या मंडळींची एक जागतिक संघटना आहे आणि तिची दहा तत्त्वं आहेत. मी ती मराठीत उतरवली, छापली, फोल्डरमध्ये घातली आणि सासूबाईंना घेऊन खोपोलीमार्गे पेणला गेले.

आमचे मूर्तिकार काका पेणजवळच्या हमरापूरचे. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत पावसाळ्यात कुठल्याही घराच्या पडवीत डोकावा, गणपती दिसतील. काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं वाळत ठेवलेले. काकांनी हात धुतले, चष्मा लावला आणि दहाही तत्त्वं शांतपणे वाचायला घेतली.

“पारदर्शकता म्हणजे काय करायचं, वहिनी?”

“कुणाला किती पैसे मिळतात ते सगळ्यांना सांगायचं.”

“तुम्ही सांगा. मी सांगितलं तर माझा मेहुणा उसने मागायला येतो.”

पुढचं कलम बालमजुरीचं. नेमका त्याच वेळी काकांचा शाळकरी मुलगा दप्तर फेकून थेट उंदीर रंगवायला बसला. “हा कामाला नाय हां,” काका घाईनं म्हणाले. “हाकलला तरी येतो. उंदीर त्याचे.” घरच्या मुलांच्या मदतीला या नियमांत मुभा असते, शाळा आणि खेळ बुडता कामा नये एवढीच अट. मी मुलाला विचारलं, “खेळत नाहीस का तू?” त्यानं हातातला उंदीर वर करून दाखवला. कलम मंजूर झालं.

मग आलं समान कामाला समान मोबदला, बाई-पुरुष भेद नाही. काकू तोवर आत फिनिशिंग करत होत्या. मातीच्या सोंडेवरून ओला ब्रश फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. “हे कलम जरा मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. काकांनी चष्मा पुसायला काढला. शेवटी सासूबाईंनी ते कलम वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, आणि पुढच्या हिशेबापासून काकूंचं नाव वेगळ्या ओळीवर आलं.

तिसऱ्या तत्त्वावर मात्र काका खरे खिळले. कारागिरानं मागितलं तर निदान निम्मी रक्कम बिनव्याजी, आगाऊ द्यायची, असं त्यात आहे.

“आगाऊ म्हणजे?”

“मागणी देताना.”

“म्हणजे भाद्रपदात.”

“नाही हो. मार्गशीर्षात.”

काकांनी काकूंना बाहेर बोलावलं आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

हे का, ते सांगायला हवं. मूर्तिकाराचं वर्ष आपल्या वर्षाच्या उलट चालतं. दिवाळी आटोपली की गुजरातेतून शाडूची पोती येतात, ती बहुधा उधारीवर. साचे दुरुस्त करायचे, काथ्या आणायचा, मग माती मळायची, साच्यात दाबायची, काढायची, जोडायची, सावलीत वाळवायची. पावसाळ्यात कोकणात वाळवायची म्हणजे पंखे आणि विजेचं बिल. मग पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, दागिने, सोनेरी, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती घरातला सर्वांत जुना हातच करतो. कारागिरांची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. पैसे येतात ते भाद्रपदात, आणि व्यापारी ‘विसर्जनानंतर हिशेब करू’ म्हणाला तर आश्विनात. मधले आठ-दहा महिने जे चालतं ते कर्जावर. गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो, पण तो येईपर्यंत पेणमध्ये व्याज चालू असतं. त्यामुळे मला एक गोष्ट पक्की कळली: मूर्तिकाराला दर वाढवून दिला की तो खूश होतो, पण पैसे वेळेवर दिले की तो जगतो. दहा तत्त्वांपैकी नऊ चांगली आहेत. कामाचं हे एक.

पारदर्शकतेचं तत्त्व मी मेहुण्याच्या भीतीनं काकांवर न लादता पुण्यात राबवलं. प्रत्येक खोक्यात आम्ही एक छोटं कार्ड घालतो: या मूर्तीच्या किमतीतले इतके मूर्तिकाराला, इतके माती आणि रंगाला, इतके पॅकिंगला, इतके वाहतुकीला, इतके आम्हाला. हे वाचून ग्राहकाचं मन भरून येईल अशी माझी समजूत होती. पुण्यात लोकांना हिशेब दाखवला की त्यांचं मन भरून येत नाही, त्यांचं पेन बाहेर येतं.

पहिला फोन कोथरूडहून आला. “तुमच्या कार्डात एक गफलत आहे,” आवाज म्हणाला.

“कुठली हो?”

“निम्मे पैसे मूर्तिकाराला जातात म्हणता. म्हणजे मी थेट त्याच्याकडून घेतली तर मला मूर्ती निम्म्यात पडते.”

“पडेल. पण पेणला जाऊन आणावी लागेल.”

“तो माझा प्रश्न आहे. तुम्ही फक्त पत्ता द्या.”

पर्वतीच्या एका बाईंचं म्हणणं, पॅकिंग वजा करा, मी पिशवी घेऊन येते. वाहतूकही वजा करा, मी चालत येते. एका निवृत्त लेखापरीक्षकांनी कार्डाची झेरॉक्स काढून, लाल शाईनं बेरीज तपासून, ‘बरोबर’ असा शेरा मारून परत पाठवली. नागपूरच्या एका गृहस्थांनी जरा कडकपणेच विचारलं, “हे जे ‘आम्हाला’ म्हणून लिहिलंय, ते नेमकं कशाचे पैसे?” फोन सासूबाईंकडे होता. “या फोनचे,” त्या म्हणाल्या.

यातले निम्मे फोन ‘देवाची किंमत करू नये म्हणतात’ या वाक्यानं सुरू होतात. वाक्य खरं आहे. अडचण एवढीच की ते नेहमी किंमत कमी करून घेण्यापूर्वी म्हटलं जातं, जास्त देण्यापूर्वी कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मखराभोवतीच्या दिव्यांच्या माळांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण त्यांच्याबरोबर कार्ड येत नाही.

कार्ड बंद करावं का, यावर घरात मतदान घेतलं. नवरा म्हणाला, बंद करा. सासूबाई म्हणाल्या, “तपासलेले पेपर दाखवले की पालक अर्ध्या गुणासाठी भांडायला येतातच. म्हणून काय पेपर दाखवायचे नाहीत?” कार्ड चालू आहे.

सरकारही आमच्या हिशेबात एक गंमत घालून जातं. मातीच्या मूर्तीवर जीएसटी नाही. दगडी, संगमरवरी आणि लाकडी देवांवरचाही २०१८ मध्ये काढला. खोक्यावर मात्र कर आहे. देव करमुक्त, त्याचं घर करपात्र. मिळकतकर भरणाऱ्या पुणेकरांना हे फार समजावून सांगावं लागत नाही.

या धंद्यातलं खरं संकट म्हणजे फुटणं. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हलकं, चटकन वाळणारं, साच्यातून सफाईनं सुटणारं. आपटलं तरी टवका उडण्यावर भागतं. शाडू जड, ठिसूळ आणि मानी. उन्हात घाई केली की तडा जातो. कुरियरच्या टेम्पोत तो बसला की आधी आशीर्वादाच्या हाताची बोटं जातात, मग परशूचं पातं, मग कानाची कड. पर्यावरणाला जे चांगलं ते पार्सलला वाईट, हा निसर्गनियम असावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं १२ मे २०२० ला पीओपीच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. मग अंमलबजावणी लांबली. ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या काटेकोर पाळायला सांगितलं, आणि ९ जूनला मूर्ती घडवायला मोकळीक देऊन नैसर्गिक पाण्यातलं विसर्जन तेवढं बंद ठेवलं. या सगळ्या काळात काकांच्या शेजारच्या शेडमधून एकच प्रश्न ऐकू यायचा: यंदा भिजवायचं काय, माती की पावडर? इकडे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पीओपीची मूर्ती घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवायची रीत शोधून काढली, महापालिका ती पावडर वाटू लागली, आणि वर उरलेलं पाणी लोक खत म्हणून कुंड्यांना घालू लागले. विसर्जनाला रासायनिक समीकरण लागणारं दुसरं शहर मला माहीत नाही.

फुटलेल्या मूर्तीचा विमा मिळतो, असं एका कुरियर कंपनीनं आम्हाला सांगितलं होतं. पहिल्याच दाव्याला नकार आला. कारण छापील होतं: ‘पाठवण्यापूर्वीच्या फोटोत वस्तूचा एक दात मोडलेला दिसत आहे. नुकसान आधीचे.’ सासूबाईंनी त्या कंपनीला गणेशपुराणातला संदर्भ देऊन सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे.

तोवर मागच्या खोलीत वेगळेच धर्मप्रश्न उभे राहिले होते. घरात एवढे गणपती, मग रोज नैवेद्य कुणाकुणाला? सासूबाईंनी निर्णय दिला: प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तो माल आहे, झाल्यावर देव. निर्णय शास्त्रशुद्ध होता, तरी रात्री त्या खोलीत मालासमोर एक निरांजन लावलेलं असतं. मागे आमच्याकडे सुतक आलं, नेमकं श्रावणात. माल पाठवायचा की नाही? “दुकानदाराला सुतक नसतं,” त्या म्हणाल्या, आणि पुढे बारा दिवस खोक्यांना स्वतः हात न लावता दारात खुर्ची टाकून मला आणि नवऱ्याला सूचना देत राहिल्या. काम दुप्पट वेगानं झालं.

याच निर्णयावर आमचं परतीचं धोरण उभं आहे. पूजेआधी मूर्ती परत घेऊ, पूजेनंतर नाही. तरी एकांनी अनंत चतुर्दशीनंतर विचारलंच की विसर्जन कुंडात फक्त तीनदा बुडवून परत आणली आहे, रंग शाबूत आहे, काही होईल का.

मागणी घेताना सर्वाधिक वेळ जातो तो सोंडेवर. “डाव्या सोंडेचा हवा,” असं सांगून ग्राहक फोन ठेवतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा करतो. “डाव्या म्हणजे कुणाच्या डाव्या? माझ्या की त्याच्या?” त्याच्या. सोंडेचं टोक गणपतीच्या डाव्या हाताकडे वळलेलं असलं की तो डाव्या सोंडेचा. हे आम्ही प्रत्येक फोटोखाली छापलं आहे. त्यानंतर फोन येतो तो असा: “फोटो आरशातला आहे का सरळ?” त्यापुढचा वर्ग चेहऱ्यावर बोलणाऱ्यांचा. हसरा हवा, पण फार नको. डोळे मोठे, पण रागीट नकोत. पितांबर पडद्याला जुळेल असं. हे सगळं मी पेणला कळवते आणि काका ‘हो’ म्हणून डोळे त्यांना जसे आखायचे तसेच आखतात. म्हणूनच मूर्ती चांगल्या होतात. एका ठाणेकर बाईंनी मूर्ती हातात आल्यावर तक्रार केली की ‘प्रसन्न वाटत नाही’. सासूबाई म्हणाल्या, “आरती करून बघा. टाळ्या वाजवून. मग सांगा.” तक्रार पुन्हा आली नाही.

पॅकिंगला सुरुवातीला फुगेवाला प्लॅस्टिकचा कागद होता. पर्यावरणपूरक देवाला प्लॅस्टिक गुंडाळलेलं बघून ग्राहकांनी योग्य शब्दांत कान उपटले. मग रद्दी आली. मराठी वर्तमानपत्राचे बोळे करून ते चहूकडून ठासले की मूर्ती हलत नाही, आणि परदेशात या बोळ्यांना मूर्तीइतकाच मान आहे, हे आम्हाला मागाहून कळलं. न्यू जर्सीतल्या एका घरात आजोबांनी सगळे बोळे इस्त्री करून वाचले. त्यांचं पत्र आलं: मूर्ती उत्तम; मात्र शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात असतं, तो अंक पाठवावा. तो अंक डॅलसच्या खोक्यात गेला होता. आम्ही दोन्ही घरांची गाठ घालून दिली. आता ते गणपतीत एकमेकांना फोन करतात म्हणे.

ऑस्ट्रेलिया हा वेगळाच विषय. तिथे बाहेरची माती, गवत, बियाणं यांबाबत जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. पेणमध्ये भाताचं तूस फुकट मिळतं आणि पॅकिंगला झकास, पण ऑस्ट्रेलियाला ते चालायचं नाही. पोटात तुळशीचं बी घातलेल्या, विसर्जनानंतर कुंडीत रोप उगवणाऱ्या गणपतीची इथे फार हौस आहे. मेलबर्नच्या एका उत्साही मंडळानं नेमका तोच मागितला. मी नियमावली पाठवली. त्यांनी उलट विचारलं, बी काढून मिळेल का? काका म्हणाले, “बी काढला तर मग तो साधाच गणपती, वहिनी.” तो साधाच पितळी होऊन गेला.

गौरींची गोष्ट मात्र सासूबाई सांगतात तशी मला जमायची नाही. मुखवटे जोडीनं असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि अनुराधा नक्षत्रावर त्यांचं आवाहन व्हायलाच हवं; नक्षत्र कुरियरसाठी थांबत नाही. नाशिकच्या एका घरासाठी आम्ही दोन खोकी पाठवली. थोरली वेळेवर पोहोचली. धाकटी नांदेडला गेली. कुरियरचा मुलगा धीर देत होता, “मॅडम, काळजी करू नका, ती आमच्या हबला आहे, सुरक्षित आहे.” सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “सुरक्षित आहे म्हणजे काय? परगावात एकटी आहे ती!” त्यांनी ग्राहकांच्या वहीतून नांदेडच्या एका बाईंचा नंबर काढला. त्या बाई आमच्याकडून कधीतरी एक लक्ष्मी घेतलेल्या, एवढीच ओळख. त्यांनी स्वतः जाऊन खोकं सोडवलं, माहेरवाशीण दारावरून अशीच कशी जाऊ द्यायची म्हणून उघडून ओटी भरली, आणि रात्रीच्या गाडीनं नाशिकला निघालेल्या भाच्याच्या मांडीवर तिला दिलं. आवाहनाच्या सकाळी धाकटी पोहोचली, थोरलीपेक्षा एक खण आणि एक नारळ जास्त घेऊन. नाशिकच्या बाईंनी फोन केला, मुखवट्याची किंमत ठरली तीच ना, नारळाचे वेगळे नाहीत ना? तेव्हापासून दोघी बहिणी एकाच खोक्यात जातात, वजन काही होवो.

आणि मग २०२५ आलं. अमेरिकेला जाणारे मोठे गणपती फाल्गुनातच न्हावा शेवाहून बोटीत बसतात, त्यामुळे ते पोहोचले होते. राहिले होते शेवटच्या क्षणी मागवलेले लहान गणपती आणि दिवाळीच्या लक्ष्म्या. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी करमाफी अमेरिका २९ ऑगस्टला काढून घेणार, म्हणून भारतीय टपालखात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं. २७ ला गणेश चतुर्थी. त्याच दिवशी भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं. मुहूर्त पंचांगकर्त्यांनासुद्धा एवढा अचूक साधला नसता. काकांचा फोन आला.

“हे पन्नास टक्के कुणाला मिळणार, वहिनी?”

“सरकारला.”

“आपल्या?”

“त्यांच्या.”

काका थोडा वेळ गप्प राहिले. “मग तेही कार्डावर छापा,” ते म्हणाले.

छापलं. अमेरिकेतल्या ग्राहकांपैकी एकानंही ‘हे वजा करा’ म्हटलं नाही. टपालसेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. लक्ष्मीपूजन २१ ला होतं. आमच्या लक्ष्म्या तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पोहोचल्या, आणि ‘उशिरा का होईना, आली’ असं म्हणत लोकांनी ठेवूनही घेतल्या. लक्ष्मीच्या बाबतीत माणूस समजूतदार असतो.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, म्हणजे चांगलेच उशिरा येत आहेत. मूर्तिकारांना वाळवायला महिनाभर जास्त मिळेल आणि ग्राहकांना मागणी द्यायचं विसरायलाही. तेव्हा वाचकहो, मूर्ती आमच्याकडून घ्या, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून घ्या, नाहीतर स्वतः हमरापूरला जाऊन घ्या. कोथरूडच्या त्या गृहस्थांनी रस्ता पाहून ठेवला आहे. फक्त मागणी माघातच नोंदवा आणि निम्मे पैसे त्याच दिवशी द्या. उरलेले मूर्ती बघून द्या. आणि सोंड त्याच्याच डावीकडे असते, तेवढ्यासाठी फोन करू नका. सासूबाई दुपारी दोन ते चार झोपलेल्या असतात.